बर्फातली खरखर: ध्रुवीय न्यूट्रिनो-शोधाबद्दल ठाण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मी तीन रविवार बोलले. विषय होता, ध्रुवावरच्या बर्फात रेडिओ-अँटेना लावून न्यूट्रिनो नावाचे कण कसे शोधतात आणि त्यात येणारी खरखर म्हणजे 'नॉईज' कशी ओळखतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. समोर निम्मी मुलं आणि निम्मे निवृत्त लोक होते. सर्वांत अवघड प्रश्न आले ते व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून आयुष्य काढलेल्या एका काकांकडून. तेच प्रश्न आता व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे. क्रम पाठ्यपुस्तकातला नाही, साधारण विचारले गेले तसाच ठेवला आहे.

न्यूट्रिनो म्हणजे काय, थोडक्यात सांगाल का?

विद्युतभार नसलेला, जवळजवळ वजनच नसलेला मूलकण. कशालाही सहसा धडकत नाही. हा प्रश्न वाचत असताना तुमच्या नखातून सूर्याचे कोट्यवधी न्यूट्रिनो आरपार गेले. इथे मात्र सूर्याचे न्यूट्रिनो अभिप्रेत नाहीत. विश्वातल्या अतिशय हिंसक जागांहून येणारे, एकावर सतरा-अठरा शून्यं इतक्या इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रिनो आपल्याला हवे आहेत. अठरा शून्यं म्हणजे साधारण ०.१६ ज्यूल. तेवढ्या ऊर्जेत एक लिंबू टेबलावरून वीत-दीड वीत वर उचलता येईल. लिंबाच्या मानाने काहीच नाही, पण एका कणाकडे एवढी ऊर्जा असणं अचाट आहे.

यात रेडिओ कुठून आला?

असा न्यूट्रिनो बर्फात एखाद्या अणुकेंद्राला धडकला की कणांचा वर्षाव सुरू होतो. तो पुढे सरकताना वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन ओढून सोबत घेतो आणि त्यातले पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे धनभारित जुळे, नाहीसे होत जातात. त्यामुळे वर्षावात ऋणभार साधारण वीस टक्क्यांनी जास्त होतो. ऋणभाराचा हा गोळा बर्फातल्या प्रकाशवेगापेक्षा जास्त वेगाने धावतो, आणि त्यातून काही नॅनोसेकंदांचा रेडिओ-ठोका बाहेर पडतो. गुर्गेन अस्कार्यान या सोव्हिएत-आर्मेनियन शास्त्रज्ञाने हे १९६२च्या सुमारास कागदावर मांडलं. प्रयोगाने ते दिसायला २००० साल उजाडलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्रवेगकाजवळ (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) आधी वाळूत पडताळा घेतला, आणि नंतर खऱ्या बर्फात.

गोळ्याची जाडी काही सेंटिमीटर आणि रेडिओलहरी त्याहून लांब असतात, म्हणून सगळे कण एका तालात बोलतात. ऊर्जा दहापट झाली की रेडिओ-शक्ती शंभरपट होते. आणखी एक मोठा फायदा असा की थंड बर्फात रेडिओलहर किलोमीटरभर जाते, प्रकाश फार तर शे-दोनशे मीटर. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या प्रकाशावर चालणाऱ्या न्यूट्रिनो-वेधशाळेला एक घन किलोमीटर बर्फासाठी ५,१६० प्रकाशसंवेदक गाडावे लागले. इतक्या उच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो एक घन किलोमीटर बर्फात वर्षाला एकसुद्धा धडकत नाहीत. त्यामुळे शेकडो घन किलोमीटरवर पहारा ठेवायचा असेल तर तो रेडिओनेच परवडतो.

'नॉईज' म्हणजे आवाज का? बर्फात कसला आवाज?

कानाला ऐकू येणारा आवाज नाही. मी 'खरखर' हा शब्द वापरते, कारण अस्मिता वाहिनीचा काटा जरा इकडेतिकडे सरकला की येते तीच ही गोष्ट. जुन्या टीव्हीवर अँटेना हलला की 'मुंग्या' यायच्या, त्याही याच. आपल्याला नको असलेलं जे जे अँटेनावर येतं ते सगळं खरखर. ती एका जातीची नसते, आणि प्रत्येक जातीची ओळखण्याची खूण वेगळी असते. या शोधातला बहुतेक वेळ याच खुणा शिकण्यात जातो.

ध्रुवावर एवढी थंडी. मग खरखर थंड पडत नाही का?

हा प्रश्न आठवीतल्या मुलीने विचारला. मला तो फार आवडला, कारण मोठे लोक इथे हमखास फसतात.

तापमान असलेली प्रत्येक वस्तू रेडिओलहरी सोडते. जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनी १९२८ साली त्याचा हिशेब मांडला. खरखरीची शक्ती तापमान आणि आपण ऐकतो त्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी या दोन्हींच्या प्रमाणात असते, पण तापमान केल्विनमध्ये मोजायचं. ठाण्यात ३० अंश सेल्सिअस म्हणजे ३०३ केल्विन. दक्षिण ध्रुवावर वरच्या थरातलं बर्फ उणे ५० अंशांच्या आसपास, म्हणजे २२३ केल्विन. आपल्याला हाडं गोठवणारा वाटतो तो फरक खरखरीच्या दृष्टीने फक्त चतुर्थांश आहे.

आकडा हवा असेल तर २५० केल्विन आणि ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा धरा. शक्ती येते वॅटच्या लाख कोटीव्या भागाच्या पावणेदोन पट, आणि पन्नास ओहमवर ती नऊ-दहा मायक्रोव्होल्ट दिसते. यावर अँप्लिफायर आपली स्वतःची भर घालतो ती वेगळीच. ही खरखर कधीच बंद होत नाही. तिला दिशा नाही, वेळापत्रक नाही. मग ध्रुवावर जायचंच कशाला? कारण थंड बर्फ रेडिओला अधिक पारदर्शक असतं, ते दोन-तीन किलोमीटर जाड असतं, आणि शेजारी कोणाचा मिक्सर चालू नसतो.

मर्यादा वर नेली की प्रश्न मिटला. ठरावीक उंचीपेक्षा मोठा ठोका आला तरच नोंद करायची. यात अवघड काय आहे? (काकांचा प्रश्न)

काका, हिशेब करू. सेकंदाला शंभर कोटी वेळा मोजणी होते असं धरा. खरखरीच्या सरासरी चढउताराच्या चौपट उसळी योगायोगाने साधारण सोळा हजारांत एकदा येते, म्हणजे सेकंदाला साठ हजारांहून जास्त वेळा. पाचपट धरली तरी सेकंदाला पाच-सहाशे वेळा. मर्यादा आणखी वर नेली तर या उसळ्या थांबतील, पण दूरवरच्या न्यूट्रिनोचा क्षीण ठोकाही हातचा जाईल. बहुतेक न्यूट्रिनो दूरचेच असणार, कारण दूरचं बर्फ जास्त आहे.

म्हणून पहिली युक्ती अनेक अँटेनांची. बर्फात रेडिओलहर नॅनोसेकंदाला साधारण १७ सेंटिमीटर जाते. अँटेना वीस मीटरच्या परिसरात असतील तर खरा ठोका सगळ्यांना सव्वाशे नॅनोसेकंदांच्या आत भेटलाच पाहिजे. खरखरीच्या उसळ्या प्रत्येक अँटेनाच्या आपापल्या असतात, त्या अशा एकत्र क्वचितच येतात.

दुसरी युक्ती जास्त देखणी आहे. भजनात आठ जण टाळ घेऊन बसलेत आणि प्रत्येक जण मनाला येईल तसा वाजवतोय, तर गलका होतो. आठही जणांचा ठेका एकाच क्षणी पडला तर तो गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. अँटेनांचे सिग्नल एखाद्या दिशेनुसार थोडे मागेपुढे सरकवून बेरीज केली की त्या दिशेचा ठोका आठपट होतो आणि खरखर आठच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे तिपटीहूनही कमी वाढते. ही बेरीज नोंद करायची की नाही हे ठरण्याच्या आधीच, तिथल्या तिथे होते. दक्षिण ध्रुवावरच्या अस्कार्यान रेडिओ अ‍ॅरे म्हणजे 'आरा' प्रयोगाच्या पाचव्या स्टेशनवर २०१८मध्ये ही पद्धत बसली. ग्रीनलंडमधल्या आरएनओ-जी या नव्या प्रयोगाच्या आराखड्यातही ती आहे.

काकांचा यावरचा शेरा: "जहाजावर हे काम माझा कान करायचा." खरं आहे.

आकाशातूनही खरखर येते का?

येते. आपली आकाशगंगा रेडिओवर सतत गुणगुणत असते, आणि १५० मेगाहर्ट्झच्या खाली तो आवाज बर्फाच्या उष्म्यालाही मागे टाकू शकतो. कार्ल जान्स्की या अभियंत्याने १९३०च्या दशकात, दूरध्वनीतल्या व्यत्ययाचं मूळ शोधताना ती पकडली. त्याची खरखर दिवसाला २४ तासांनी नव्हे, २३ तास ५६ मिनिटांनी परतायची, म्हणजे ती ताऱ्यांचं घड्याळ पाळत होती. आजही तीच खूण वापरतात. आकाशाकडे तोंड केलेल्या अँटेनाची खरखर रोज चार मिनिटं आधी चढत असेल तर अँटेना ठीक चाललाय असं समजायचं.

ध्रुवावर माणसं नाहीत, तर माणसांची खरखर कशी?

माणसं आहेत, आणि जिथे माणूस तिथे वॉकी-टॉकी. दक्षिण ध्रुवाच्या तळावरचं बोलणं ४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, म्हणून 'आरा'ने नेमका तेवढा पट्टा कापणारा फिल्टरच बसवला. तळाभोवती 'डार्क सेक्टर' नावाचा भाग राखून ठेवलेला आहे, तिथे प्रक्षेपणावर बंधनं आहेत.

हवामानाचे फुगे हा त्यातला सोपा चोर. जगभर ठरलेल्या वेळी दिवसातून दोनदा हे फुगे सोडतात (आपल्याकडे सांताक्रूझहूनही), आणि खालचं यंत्र ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झमध्ये बोलत वर जातं. वेळ ठरलेली, वारंवारता ठरलेली, दिशा वाऱ्याबरोबर हळूहळू सरकणारी. एका नजरेत सापडतो.

अनिता नावाचा प्रयोग स्वतःच फुग्यावर होता. अंटार्क्टिकाभोवती सुमारे ३७ किलोमीटर उंचीवरून त्याच्या चार फेऱ्या झाल्या, पहिली २००६-०७ मध्ये, शेवटची २०१६ मध्ये. इतक्या उंचीवरून एका वेळी पंधरा लाख चौरस किलोमीटर बर्फ नजरेत येतं. पण माडीवर राहणाऱ्याला गल्लीतली सगळी भांडणं ऐकावी लागतात, तसं झालं. खंडावरचे तळ, विमानं आणि २६० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारे लष्करी उपग्रह, सगळंच कानावर. चौथ्या फेरीत त्यांनी उडता उडता जुळवता येणारे फिल्टर लावले. तळांच्या आसपासून आलेल्या घटना तर सरळ टाकूनच देतात. न्यूट्रिनो काही तळाशेजारी मुद्दाम धडकायला येत नाही, म्हणून एकाच जागेहून दोन-चार ठोके आले की ते माणसाचे.

सलग चालणारं प्रक्षेपण वर्णपटात सुळक्यासारखं वर येतं, ते कापायला सोपं. खरा वैताग ठिणग्यांचा आहे. इंजिनाची किंवा स्विचची ठिणगी क्षणभराची असते आणि सगळ्या वारंवारतांवर पसरते, अगदी न्यूट्रिनोच्या ठोक्यासारखी.

वाऱ्याने खरखर येते हे खरं का?

खरं आहे. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली हीच सर्वांत मजेची खरखर. वाऱ्याने हिमकण एकमेकांवर आणि यंत्रांवर घासले की भार साठतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लोकरी स्वेटर काढताना चटचट होतं (ठाण्याच्या दमट हवेत नाही, महाबळेश्वरला अनुभवलं असेल), तेच मोठ्या प्रमाणावर. भार वाढत गेला की एखाद्या खांबाच्या टोकावरून तो निसटतो आणि नॅनोसेकंदांचा ठोका सुटतो. वारा सेकंदाला दहा मीटरच्या, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास गेला की हे ठोके वाढायला लागतात. दक्षिण ध्रुव, रॉस हिमपट्टा (अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागून समुद्रावर तरंगणारा बर्फाचा थर) आणि ग्रीनलंड, तिन्हीकडच्या प्रयोगांना ते भेटलेत.

याची खूण अशी की हे ठोके कळपाने येतात, वारा पडला की थांबतात, आणि उगम पृष्ठभागाजवळ किंवा त्यावरच असतो. म्हणून वाऱ्याची नोंदवही शेजारी ठेवल्याशिवाय रेडिओची नोंदवही वाचता येत नाही. गंमत अशी की ध्रुवीय रात्रीत सौर पॅनेल निकामी असतं, म्हणून स्टेशनला वीज द्यायला पवनचक्कीचा विचार होतो. म्हणजे वीज हवी तेव्हा वारा हवा, आणि वारा आला की खरखर.

वीज कडाडली तर?

वळवाच्या आधी ठाण्यात रेडिओ लावून पाहा, ढग दिसायच्या आधी कडकड ऐकू येते. ध्रुवाच्या आतल्या भागात मात्र विजा जवळजवळ होतच नाहीत.

आणि सूर्य?

सौरज्वाला उसळली की सूर्य रेडिओवर ओरडतो. १५ फेब्रुवारी २०११ची ज्वाला 'आरा'च्या चाचणी स्टेशनने टिपली होती. ही खरखर उलट कामाची ठरते. सूर्य कुठे आहे ते आपल्याला नक्की माहीत असतं, तेव्हा अँटेनांनी काढलेली दिशा बरोबर येते का ते ताडून बघता येतं.

अगदी न्यूट्रिनोसारखीच दिसणारी खरखर असते का?

असते, आणि रात्रीची झोप उडवते ती हीच. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, हवेत आदळले की तिथेही कणांचा वर्षाव होतो. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे त्यातले धन आणि ऋण कण विरुद्ध बाजूंना फाकतात आणि रेडिओ-ठोका निघतो. अनिताच्या पहिल्याच फेरीत असे सोळा सापडले. हे ठोके वरून येतात, म्हणून आरएनओ-जीमध्ये पृष्ठभागाजवळ आकाशाकडे तोंड केलेले अँटेना पहारेकरी म्हणून ठेवले आहेत. वरच्याने आधी ऐकलं तर खालच्याने ऐकलेलं बाद.

पण ध्रुवावरचं पठार उंच आहे. दक्षिण ध्रुव २,८३५ मीटरवर आहे, ग्रीनलंडचा माथा ३,२०० मीटरच्या वर. तिथे वर्षाव विरायच्या आत जमिनीला लागतो आणि त्याचा गाभा बर्फात घुसून तिथेच अस्कार्यान ठोका काढतो. आता हा ठोका बर्फातूनच आला, त्याची घडणही तीच. फरक एवढाच की त्याचा उगम वरच्या काही मीटरांत असतो, न्यूट्रिनोचा बहुधा फार खोल.

'आरा'च्या २०८ दिवसांच्या नोंदींत पृष्ठभागाखालून आलेले असे १३ ठोके मिळाले, आणि २०२५मध्ये त्या गटाने जाहीर केलं की ते विश्वकिरणांचेच आहेत. काहींना ही बातमी निराशेची वाटली. मला नाही वाटली. निसर्गातल्या बर्फात अस्कार्यानचा ठोका खरोखर ऐकू येतो, याचा हा पहिला पुरावा. ज्याला इतकी वर्षं 'नको असलेलं' म्हणत होतो त्यानेच यंत्र चालतं याची ग्वाही दिली.

विश्वकिरणांच्या वर्षावातले म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, बर्फात खोलवर जाऊन तिथे ऊर्जा टाकतात, ते ओळखणं याहूनही कठीण.

अँटेना खोल का पुरतात? वर ठेवले तर खर्च वाचेल.

वाचतो. रॉस हिमपट्ट्यावरच्या अरियाना प्रयोगाने तेच केलं. पण वरचे शे-दीडशे मीटर म्हणजे पक्कं बर्फ नसतं, दाबून बसत चाललेला हिम असतो. त्याची घनता खाली वाढत जाते, म्हणून लहरी वाकतात, आणि खालून तिरक्या येणाऱ्या कित्येक लहरी वरच्या अँटेनापर्यंत पोचतच नाहीत. 'आरा'चे अँटेना २०० मीटरपर्यंत, आरएनओ-जीचे १०० मीटरपर्यंत उतरवलेले आहेत. खोलवरच्या अँटेनाला ठोका कधी कधी दोनदा भेटतो, एकदा सरळ आणि एकदा वरून वळून. खरखर अशी जोडीने येत नाही.

अनिताला समांतर विश्व सापडलं, असा फॉरवर्ड आला होता.

माझ्याकडेही आला, तीन वेगवेगळ्या ग्रुपवर. नाही सापडलं. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत एकेक ठोका असा आला की तो बर्फावरून परावर्तित झालेला वाटेना. परावर्तनात लहर उलटी होते, ही सुलटीच होती, आणि क्षितिजाखालून बऱ्याच तीव्र कोनात वर येत होती. एवढ्या ऊर्जेचा न्यूट्रिनो पृथ्वीच्या त्या हजारो किलोमीटरमधून निभावणं जवळजवळ अशक्य. इथपर्यंत खरं. २०२०मध्ये वर्तमानपत्रांनी यातून समांतर विश्व काढलं. अर्जेंटिनातल्या पिएर ऑजे या विश्वकिरण-वेधशाळेने आपल्या नोंदी धुंडाळून २०२५मध्ये निष्कर्ष मांडला, तिथे अशा घटनांना दुजोरा मिळाला नाही. बर्फाच्या आतल्या थरांवरून झालेलं विचित्र परावर्तन असेल, अशीही एक शक्यता मांडली गेली. प्रश्न सुटलेला नाही, पण न सुटलेला प्रश्न म्हणजे समांतर विश्व नव्हे.

आजवर रेडिओने किती न्यूट्रिनो सापडले?

निर्विवाद असा एकही नाही. हे ऐकून एक आजोबा उठून चहा प्यायला गेले होते. परत आले.

इतक्या ऊर्जेचे न्यूट्रिनो असतात याचे धागे मात्र आहेत. भूमध्य समुद्राच्या तळाशी असलेल्या केएम३नेट या न्यूट्रिनो-वेधशाळेने १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सुमारे २२० पेटा इलेक्ट्रॉन व्होल्टचा (पेटा म्हणजे एकावर पंधरा शून्यं) एक न्यूट्रिनो प्रकाशावरून टिपला.

शास्त्रज्ञ हवं तेच शोधून काढत नसतील कशावरून?

म्हणूनच ते आधी आपले डोळे बांधून घेतात. पुष्कळदा नोंदींचा दहावा हिस्सा उघडतात, त्यावर गाळण्या ठरवतात, खरखरीतले किती ठोके चुकून गाळणीतून सुटतील तो आकडा आधी लिहून ठेवतात, आणि मगच उरलेले नव्वद टक्के उघडतात. उघडल्यावर गाळणीला हात लावायचा नाही.

यात भारताचा, निदान आपल्या बाजूचा काही संबंध?

कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत १९६५ साली वातावरणातले न्यूट्रिनो पकडले. जगात अशी नोंद सर्वांत आधी करणाऱ्यांत ते होते. त्यांनीही खरखरीशीच सामना केला, फक्त उपाय दगडाचा होता. वरचा खडक विश्वकिरणांना गाळत होता.

रेडिओची खरखर पाहायची तर जुन्नर तालुक्यात खोडदला जा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथे आणि आसपास पसरलेल्या आहेत. शहरांच्या गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला जागा निवडली ती याच कारणाने. आणि अंटार्क्टिकाशी नातं शोधायला लांब जायची गरजच नाही. नवीन पनवेलमधल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लोक 'मैत्री' तळावर चुंबकीय नोंदी घेत आलेत. न्यूट्रिनो हा त्यांचा विषय नाही, पण नको असलेल्या चढउतारांतून हवा तो वेचणं त्यांच्याही रोजच्या कामात आहे.

घरी काही करून बघता येईल का?

येईल. मिडियम वेव्हचा रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि वहीत वेळ व खरखरीचा प्रकार लिहा. मग घरातली एकेक वस्तू बंद-चालू करा. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर आणि पंख्याचा रेग्युलेटर यांच्या खरखरी वेगळ्या ऐकू येतील. रुळांलगत राहत असाल तर लोकल जाताना कान द्या.

चरईतल्या एका अकरावीच्या मुलाने हे अकरा दिवस केलं. रोज संध्याकाळी सात वाजून काही मिनिटांनी एक जाड 'घर्र' यायची आणि पुन्हा पाऊण तासाने एकदा. त्याने आकाशगंगा म्हणून चार मिनिटांचा हिशेब लावला, जमेना, कारण वेळ रोज पुढे-मागे व्हायची. शेवटी त्याने वॉचमनकाकांच्या रजिस्टरमधल्या वेळा शेजारी मांडल्या. सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर निघाला, चालू करताना एकदा, बंद करताना एकदा. दोन दिवस मात्र 'घर्र' आलीच नव्हती. तेव्हा पाणीच नव्हतं.

चौथ्या रविवारी हेच सगळ्यांनी मिळून करायचं आहे. रेडिओ नवे सेल घालून आणा. वाचनालयात प्लग पॉइंट एकच आहे आणि तो पंख्याचा आहे.